हवापाण्याच्या गप्पा परक्या भाषेत : वाचकांचे प्रश्न

परकी भाषा शिकणाऱ्या वाचकांच्या अलीकडच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा डोकावत होती. ज्यांना त्या भाषेत वर्तमानपत्र वाचता येते आणि कार्यालयीन पत्र लिहिता येते, तेच लोक जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी हवेबद्दल दोन वाक्ये बोलताना अडखळतात. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी कामानिमित्त सध्या जर्मनीत राहते. माझे व्याकरण बऱ्यापैकी पक्के आहे आणि बैठकीत मला बोलताना अडचण येत नाही. मात्र लिफ्टमध्ये एखादा सहकारी ‘आज चांगलाच गारठा आहे’ असे म्हणाला की माझी बोबडी वळते. परवा मी ‘हो, उणे ४ अंश आहे, दुपारी उणे २ होईल’ असे अचूक उत्तर दिले, तर तो नुसती मान हलवून गप्प झाला. माझे काय चुकले?

उत्तर : आपल्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही आणि माहितीचीही नाही. मात्र थंडी किती आहे हे सहकाऱ्याला आपल्याकडून जाणून घ्यायचेच नव्हते; आपण ज्या गारठ्यातून आत आलात, त्यातूनच तोही आला होता. दोन इंग्रज भेटले की पहिले बोलणे हवेचे निघते आणि दोघांनाही आधीच ठाऊक असलेली गोष्ट ते एकमेकांना घाईघाईने सांगतात, असा चिमटा सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५८ सालीच काढून ठेवला आहे. पुढे १९२३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी अशा बोलण्याकडे गांभीर्याने पाहिले. प्रकृतीची चौकशी, हवेवरचा शेरा, डोळ्यांना दिसतच असलेल्या गोष्टीचा उच्चार, या सगळ्यांचे काम विचार पोहोचवण्यापेक्षा माणसामाणसांत धागा जुळवण्याचे असते, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रकाराला त्यांनी एक शास्त्रीय संज्ञाही दिली आणि ती भाषाविज्ञानात रुजली. आपल्या सहकाऱ्याने असा धागा पुढे केला होता आणि आपण त्याच्या हातात तापमापक ठेवलात.

अशा वेळी उत्तराचे तीन छोटे भाग असावेत. प्रथम होकार द्यावा, मग स्वतःची बारीकशी भर घालावी, आणि शेवटी वाक्य असे सोडावे की समोरच्याला हवे तर पुढे बोलता यावे आणि नको असेल तर हसून गप्प बसता यावे. तो म्हणतो, ‘गांत्स श्यॉन काल्ट हॉयटे’, म्हणजे आज चांगलाच गारठा आहे. आपण म्हणावे, ‘या, विर्कलिश. गेस्टर्न वार एस नोख वेर्मर’, म्हणजे हो ना, खरेच. काल जरा तरी ऊब होती. मजला यायला अवकाश असेल तर जोडावे, ‘उंड मॉर्गन झॉल एस श्नायन’, म्हणजे आणि उद्या बर्फ पडणार म्हणे. एवढ्यात लिफ्टचे दार उघडते आणि कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही.

यातील ‘झॉल’ या क्रियापदापाशी थोडे थांबावे. पाठ्यपुस्तकात ते ‘करायला हवे’ या अर्थाने आधी भेटते, पण हवेच्या गप्पांत ते ऐकीव गोष्टीची खूण म्हणून येते. मराठीत हेच काम ‘म्हणे’ करते. फ्रेंच माणूस ‘इल्झानोंस द ला प्ल्वी’ म्हणतो, म्हणजे ‘ते पाऊस सांगताहेत’, आणि हे ‘ते’ कोण असे कोणीही विचारत नाही. स्पॅनिशमध्ये ‘दीसेन के’ म्हणून सुरुवात होते, तर जपानीत वाक्याच्या शेवटी ‘सो देसु’ येते. उद्याच्या अंदाजाची जबाबदारी स्वतःवर न घेता तो सांगण्याची सोय या सर्व भाषांनी करून ठेवली आहे. माझा आग्रह असा की, नवी भाषा शिकताना हवेची विशेषणे पाठ करण्याआधी ही एक रचना आत्मसात करावी. आजची हवा दोघांनाही दिसत असते आणि एका होकारात संपते. उद्याची हवा कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे बोलायला जागा तिथे असते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ‘ही कसली थंडी, मी उणे २० पाहिले आहे’ किंवा ‘४५ अंशांतही लोक कामाला जातात’ अशी तुलना करू नये. बोलणाऱ्याला वाटते की आपण माहिती देत आहोत. ऐकणाऱ्याला मात्र त्याची थंडी खोटी ठरवल्यासारखे वाटते आणि ‘असं का?’ याखेरीज त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही. तीच गोष्ट उलट बाजूने सांगता येते : ‘मी उष्ण प्रदेशातून आले, मला अजून सवय होत नाही.’ यावर हातमोजे कसे असावेत इथपासून पहिला बर्फ साधारण कधी पडतो इथपर्यंत सल्ले मिळू लागतात, आणि सल्ला देणारा माणूस बहुधा खुशीत असतो.

सरावासाठी हवामानवार्ता जरूर ऐकावी, पण तिची भाषा लिफ्टमध्ये नेऊ नये. ‘कमी दाबाच्या पट्ट्यामुळे विखुरलेल्या सरी’ असे कोणी शेजाऱ्याला सांगत नाही. जर्मनीत तर आणखी एक गंमत आहे. तिथे १९५४ पासून बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतील हवामानशास्त्र संस्था कमी आणि जास्त दाबाच्या क्षेत्रांना माणसांची नावे देत आली आहे, आणि २००२ पासून सामान्य माणसालाही पैसे भरून असे नाव ठेवता येते. तेव्हा एखादा सहकारी सकाळी सकाळी कुणा बाईच्या नावाने बोटे मोडत असेल, तर ती त्याची वरिष्ठ आहे असे लगेच समजू नये. तो कमी दाबाचा पट्टाही असू शकतो.

प्रश्न : ‘मला थंडी वाजते’ हे मी वर्गात ‘इश बिन काल्ट’ असे म्हटले आणि जर्मनच्या शिक्षिका हसल्या. फ्रेंचमध्येही माझा असाच गोंधळ होतो. प्रत्येक भाषेसाठी वेगळे वाक्य पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही का?

उत्तर : आपण मराठीतून जर्मनकडे सरळ न जाता इंग्रजीच्या आडवाटेने गेलात. इंग्रजीत माणूस स्वतःच ‘थंड’ असतो. मराठीत थंडी ‘मला’ वाजते. जर्मन इथे मराठीच्या जवळ आहे : ‘मीर इस्ट काल्ट’, म्हणजे शब्दशः ‘मला थंड आहे’. रशियनमध्येही ‘म्न्ये खोलदना’ अशी हीच घडण आहे. चतुर्थीची ही सवय मराठी माणसाला उपजत असते, फक्त ती वापरण्याची आठवण राहिली पाहिजे. ‘इश बिन काल्ट’ म्हटल्यास आपण भावनाशून्य आहोत असा अर्थ निघू शकतो. उकाड्याबद्दल याच साच्यातले वाक्य केले असते, तर शिक्षिका नुसत्या हसून थांबल्या नसत्या, कारण त्याचा अर्थ शृंगाराकडे झुकतो. स्पॅनिशमध्ये ‘एस्तोय काल्येंते’ या वाक्याचीही तीच गत आहे.

फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन या बहिणींची रीत वेगळी आहे. तिथे माणसाजवळ थंडी ‘असते’ आणि हवा थंडी ‘करते’. फ्रेंचमध्ये ‘झे फ्र्वा’ म्हणजे मला थंडी वाजते आणि ‘इल फे फ्र्वा’ म्हणजे हवेत थंडी आहे. स्पॅनिशमध्ये अनुक्रमे ‘तेंगो फ्रिओ’ आणि ‘आसे फ्रिओ’ म्हणतात (स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘आथे’ असा उच्चार ऐकू येतो), तर इटालियनमध्ये ‘ओ फ्रेद्दो’ आणि ‘फा फ्रेद्दो’. ही जोडी एकदा कानात बसली की तिन्ही भाषांत चालते. जपानीत भेद निराळ्याच ठिकाणी आहे : हवेची आणि अंगाला जाणवणारी थंडी ‘सामुई’, पण हाताला थंड लागणारे पाणी ‘त्सुमेताई’.

पावसाचे मात्र फार मनावर घेऊ नये. इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच या भाषा पावसासाठी एक नाममात्र कर्ता उभा करतात, स्पॅनिशमध्ये ‘युएवे’ या एका शब्दात काम होते, रशियनमध्ये पाऊस ‘चालतो’, कोरियनमध्ये ‘बीगा वायो’ म्हणजे पाऊस ‘येतो’, आणि इजिप्तच्या बोली अरबीत चक्क ‘दुनिया’ बरसते. यांतले आपल्या भाषेपुरते एक वाक्य जसेच्या तसे उचलावे. त्याचे पृथक्करण करत बसण्यात लाभ नाही.

प्रश्न : पावसाबद्दलचे इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश वाक्प्रचार मी वहीत जमवले आहेत. ते बोलण्यात आणले तर माझी भाषा अधिक अस्सल वाटेल ना?

उत्तर : बहुधा वाटणार नाही. कुत्री-मांजरे पडण्याचा प्रसिद्ध इंग्रजी वाक्प्रचार पाठ्यपुस्तकांत जितका आढळतो, तितका इंग्रजी घरांत ऐकू येत नाही. फ्रेंचमध्ये पाऊस दोरखंडांसारखा पडतो आणि स्पॅनिशमध्ये घागरींनी. हे दोन्ही प्रयोग जिवंत आहेत, परंतु नवशिक्याच्या तोंडी ते जपून ठेवलेला दागिना साध्या वेळी घातल्यासारखे दिसतात. त्याऐवजी पावसाच्या पायऱ्या शिकाव्यात. मराठीत आपण भुरभुर, रिमझिम, सर आणि मुसळधार यांत गल्लत करत नाही. इंग्रजीतही ‘ड्रिझल’, ‘शॉवर’ आणि ‘पोअरिंग’ यांची सरमिसळ करू नये. नेमका शब्द योग्य पायरीवर पडला की बोलणे आपोआप अस्सल होते.

नॉर्वेजियन आणि जर्मन लोकांत ‘खराब हवा असे काही नसते, कपडे चुकीचे असतात’ अशा अर्थाची म्हण आहे. ती समजून घ्यावी, कारण ती आपल्याला ऐकवली जाणार हे नक्की. आपण होऊन ती भिजलेल्या माणसाला ऐकवणे मात्र टाळावे.

प्रश्न : मी जपानी शिकतो. वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावावे की ‘यो’, हे मला हवेबद्दल बोलताना समजत नाही. शिवाय पत्राची सुरुवात ऋतूच्या उल्लेखाने करावी असे पुस्तकात आहे. ईमेललाही हाच नियम लागू होतो का?

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर मराठी कानाला सोपे आहे. ‘आत्सुई देसु ने’ म्हणजे ‘उकडतंय ना’. यातील ‘ने’ आपल्या ‘ना’प्रमाणे समोरच्याला वाक्यात सामील करून घेते, आणि त्याने ‘सो देसु ने’ किंवा ‘होन्तो नि’ म्हणून दुजोरा द्यावा अशी अपेक्षा असते. ‘यो’ लावले की आपण त्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो आहोत असा सूर येतो. घामाने डबडबलेल्या शेजाऱ्याला ‘आत्सुई देसु यो’ म्हणणे म्हणजे त्याला उकाड्याची बातमी देणे होय. दुसऱ्या शहरातल्या मित्राला फोनवर आपल्याकडचा उकाडा सांगायचा असेल, तर मात्र तेच ‘यो’ अगदी योग्य ठरते. दोघे एकाच आभाळाखाली उभे आहेत की नाहीत, एवढेच पाहावे.

ऋतू पालटत असताना ‘सामुकु नारिमाशिता ने’, म्हणजे ‘थंडी पडू लागली ना’, अशी बदल सांगणारी वाक्ये फार उपयोगी पडतात. जून महिन्याच्या आसपास जपानची हवामान संस्था प्रदेशवार ‘त्सुयु’ म्हणजे पावसाळी ऋतू लागल्याचे जाहीर करते, आणि त्या दिवशी गप्पांना आयता विषय मिळतो.

पत्राबद्दल सांगायचे तर, औपचारिक पत्राची चौकट अशी आहे : आरंभी ‘हाइकेइ’, मग ऋतूला धरून एक वाक्य, मग प्रकृतीची विचारपूस, त्यानंतर मुख्य मजकूर आणि अखेरीस ‘केइगु’. पत्र ‘झेनर्याकु’ने सुरू केले असेल तर ऋतूचे वाक्य गाळायचे, कारण ‘प्रारंभीचे गाळले आहे’ हाच त्या शब्दाचा अर्थ आहे. अशा पत्राचा शेवट ‘सोसो’ने होतो. कामकाजाच्या ईमेलमध्ये ऋतूचे वाक्य सहसा नसते आणि ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ या ठरीव वाक्याने सुरुवात केलेली पुरते. उन्हाळ्यात क्षेमकुशल विचारणारी जी कार्डे पाठवतात, त्यांच्या बाबतीत तारखेचे भान ठेवावे. ऑगस्टच्या ७ किंवा ८ तारखेच्या सुमारास पंचांगातला शरद ऋतू लागतो. तोपर्यंत ‘शोचू मिमाइ’ लिहायचे आणि त्यानंतर ‘झान्शो मिमाइ’, म्हणजे उरलेल्या उकाड्यातली विचारपूस. प्रत्यक्षात त्या दिवसांत उकाडा तसूभरही उरलासुरला वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : मला पाऊस मनापासून आवडतो. सगळे जण ‘काय ही वाईट हवा’ म्हणत असताना मी होकार देणे खोटेपणाचे नाही का?

उत्तर : होकार हवेच्या वस्तुस्थितीला द्यावा, तिच्या निंदेला देण्याची गरज नाही. ‘हो, सकाळपासून थांबलाच नाही, पण खरे सांगू, मला हा पाऊस आवडतो’ असे म्हटले तर कोणी दुखावत नाही, आणि पुष्कळदा समोरचाही हळूच कबूल करतो की त्यालाही आवडतो. ‘वाईट कुठे, छान तर आहे’ अशी सुरुवात मात्र वादाला आमंत्रण देते, आणि हवेवरून वाद घालण्याइतका वेळ कोणाकडे नसतो.

शिवाय ‘चांगली हवा’ सगळीकडे एकच नसते हेही ध्यानात असावे. इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये हवेचे कौतुक ऐकले की डोळ्यांपुढे ऊन यावे. आखाती देशांत मात्र ‘अल्-जव हिलू’, म्हणजे हवा छान आहे, असे लोक आभाळ भरून आलेल्या किंवा पावसाची सर पडून गेलेल्या दिवशी आनंदाने म्हणतात. आपल्यासारख्या पर्जन्यप्रेमीने अरबी शिकायला घेण्यास हरकत नाही.

प्रश्न : अमेरिकेतील सहकारी फोनवर ‘आज ८६ आहे’ म्हणतात आणि मी मनात आकडेमोड करत असताना संभाषण पुढे निघून जाते. यावर उपाय आहे का?

उत्तर : सूत्र विसरून पाच खुणा लक्षात ठेवाव्यात. फॅरनहाइटचे ३२ म्हणजे सेल्सिअसचे शून्य, ५० म्हणजे १०, ६८ म्हणजे २०, ८६ म्हणजे ३० आणि १०४ म्हणजे ४०. दर टप्प्याला फॅरनहाइटमध्ये १८ आणि सेल्सिअसमध्ये १० अंशांची वाढ होते. आकडा ऐकला की जवळची खूण आठवावी आणि लगेच ‘म्हणजे छान ऊबदार’ किंवा ‘बापरे, गारठा’ असे शब्दांत उत्तर द्यावे. रूपांतर मोठ्याने करून दाखवण्याचे कारण नाही. रशियन बोलणाऱ्यांशी गप्पा मारताना आणखी एक सावधगिरी बाळगावी : हिवाळ्यात ते ‘उणे’ हा शब्द पुष्कळदा उच्चारतच नाहीत, तेव्हा जानेवारीत कोणी ‘वीस अंश’ म्हटले तर त्याला हेवा वाटत असल्याचे दाखवू नये.

प्रश्न : आमच्या मुलाचे सासू-सासरे स्पॅनिशभाषक आहेत. व्याही-विहीणबाईंशी दर आठवड्याला व्हिडिओ कॉल होतो. मुले दुभाषेपणा करतात, पण ती जरा उठून गेली की आम्ही चौघे एकमेकांकडे पाहून नुसते हसत बसतो. या वयात निदान हवेपुरते स्पॅनिश आम्हाला जमेल का?

उत्तर : अवश्य जमेल, आणि सुरुवातीला चार वाक्ये पुरेत. आपली परिस्थिती लिफ्टमधल्या संभाषणापेक्षा वेगळी आहे. तिथे दोघांची हवा एकच असते; इथे दोन निराळ्या हवा आहेत, त्यामुळे प्रश्न खरोखरचा प्रश्न असतो आणि उत्तरात खरीच माहिती असते. म्हणून आधी आपल्याकडचे सांगावे आणि मग तिकडचे विचारावे : ‘आकी आसे मुचो कालोर. इ पोर आई?’ म्हणजे इथे फार उकडते आहे, आणि तिकडे? या प्रश्नात मराठी कानाला पोरही ऐकू येते आणि आईही, त्यामुळे तो विसरणे अवघड आहे. उकाडा असह्य झाल्याचे त्यांनी सांगितले की ‘के कालोर!’ म्हणावे, आपल्या ‘काय उकाडा आहे!’ मधल्या ‘काय’ची जागा तिथे ‘के’ घेतो. पावसासाठी ‘एस्ता योव्येंदो’, म्हणजे पाऊस पडतो आहे, एवढे म्हणावे आणि शक्य असेल तर फोन उचलून खिडकीकडे वळवावा. पडद्यावर पाऊस दिसला की पलीकडची दोघेही आपापल्या खिडकीकडे जातील आणि वाक्यांची उणीव भासणार नाही.

ते स्पेनमध्ये असतील तर हवेला ‘त्येम्पो’ म्हणतील. लॅटिन अमेरिकेत त्याच अर्थाने ‘क्लिमा’ सर्रास ऐकू येतो. अर्जेंटिना किंवा चिली असेल, तर तिथले ऋतू आपल्या उलट असतात हे लक्षात ठेवावे, म्हणजे जुलैत त्यांनी लोकरीचे कपडे घातलेले पाहून विहीणबाई आजारी आहेत की काय अशी शंका येणार नाही. विहीणबाईंचे उत्तर कळले नाही तरी चालेल. ‘सी, सी’ म्हणून पुन्हा ‘के कालोर’ किंवा ‘के फ्रिओ’ म्हणावे, त्यांच्या कपड्यांवरून दोहोंपैकी कोणते म्हणायचे ते समजेलच.

अपवाद एकच. त्यांच्या भागात वादळ, पूर किंवा वणवा झाल्याची बातमी कानावर आली असेल, तर त्या दिवशी हवेचा प्रश्न विचारू नये. ‘एस्तान तोदोस ब्येन?’ म्हणजे सगळे सुखरूप आहात ना, एवढेच विचारावे आणि उत्तर ऐकायला मुलाला किंवा सुनेला बोलावून घ्यावे.